जिंकलेल्या कार्डांची फाइल

५ ऑक्टोबर, रविवार

सिडकोला आईकडं दिवाळीची झाडझूड. माळ्यावरून बिस्किटांचा चौकोनी डबा निघाला. झाकण उघडेना, शेवटी उलथण्यानं उचकटलं. आत आमची क्रिकेटची कार्डं! च्युइंगमच्या पुडीत यायची ती. मला वाटलं होतं कधीच रद्दीत गेली. डांबरगोळ्यांचा वास, रबर वितळून कडांना चिकटलेलं.

आई खालून ओरडली, "दादाचा डबा ना तो? नीट ठेव बाई, विचारत होता परवा."

दादाचा! अहो, त्यातलं एकेक कार्ड जिंकलंय कुणी? गल्लीतल्या पाण्याच्या टाकीमागं भर उन्हात उभं राहायचं, कार्ड भिंतीला टेकवून सोडायचं, खाली दुसऱ्याच्या कार्डावर पडलं की ते आपलं. माझ्यासारखा हात अख्ख्या गल्लीत कुणाचा नव्हता. मग मी सातवीत गेले, आई म्हणाली आता पोरांत खेळायचं नाही, आणि डबा दादाच्या कपाटात गेला. तिथून कधीतरी माळ्यावर.

वाळूजला घेऊन आले. आईला सांगितलं, पुसून आणते.

७ ऑक्टो., मंगळ.

पहिली शिफ्ट. घरी आल्यावर स्वयंपाक उरकून चादर अंथरली, कार्डं पसरली. कंपनीतल्यासारखे तीन ढीग. ठीक, बरी, गेलेली. हातात सुती मोजे. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "दिवसभर पार्ट तपासून पोट भरत नाही का तुझं?"

नाय भरत.

रबर काडीनं हळूहळू निघतंय. पाणी अजिबात लावायचं नाही.

संध्याकाळी दादाचा पुण्याहून फोन. आईनं लगेच कळवलेलंच. "शोभे, लई बरं झालं. आमच्या साहेबांना जुन्या कार्डांचं वेड आहे. दिवाळी झाली की त्यांच्याकडं जेवायला जायचंय, तेव्हा नेतो. खूश होतील. भाऊबीजेला आलो की दे."

दे म्हणे. मी म्हटलं, बघू.

फोन ठेवला तेव्हाच ठरवलं. यंदा ताटात पाकीट नको म्हणायचं, कार्डं मागायची. ओवाळणीला भाऊ नाही म्हणत नसतो.

९ ऑक्टो., गुरु.

सुट्टी टाकली. सिटी चौकात रफिकचाचांच्या दुकानात गेले. नऊ कप्प्यांची प्लॅस्टिकची पानं पाहिजेत म्हटल्यावर त्यांनी जाड, मऊ, चकचकीत काढून दिली. वास कसला, नव्या रेक्झिनच्या सीटसारखा. मी म्हटलं, चाचा, हे कार्डाची शाई ओढून घेईल.

"क्या बाता करते बाजी, शादी का अल्बम इसीच में रखते लोगां."

एकच पान घेतलं. डबल असलेलं एक कार्ड त्यात घालून गच्चीवर ठेवलंय. ऑक्टोबरचं ऊन आहेच फुकटचं.

१२ ऑक्टो., रवि.

पान काढून बघितलं. कार्ड सोलल्यासारखं निघालं, फलंदाजाचं अर्धं तोंड प्लॅस्टिकला. बघा! ते तसंच नेऊन चाचांना दाखवलं. बघत राहिले, मग आतून दुसरी, पातळ, कडक, बिनवासाची पानं काढून आणली. "ये रखो. और वो वाला मेरेकू देके जाव, गिऱ्हाइकां कू दिखाने." जाड कडीची उभी फाइलही घेतली. आडवी ठेवली की पानं वाकतात, म्हणून उभीच ठेवायची. पार्टच्या खोक्यात ओल धरणाऱ्या पुड्या येतात, आम्ही फेकूनच देतो. सुपरवायझरला विचारून चार आणल्यात, फाइलच्या कप्प्यात टाकायला.

संघाप्रमाणे लावायला घेतलं. दोन पानं झाली आणि मन लागेना. मग धावांप्रमाणे. तेही नाही. हे म्हणाले, "अगं, भाजी निवडतेस का दळण?"

१४ ऑक्टो., मंगळ.

सुचलं! बसमध्ये, शिफ्टला जाताना.

कार्ड हातात घेतलं की मला खेळाडू दिसतच नाही. पोरगं दिसतं. कोपरा चावलेली सगळी गिरणीवाल्यांच्या सुभाषची, त्याला चावायची सवय. ग्रीसचा अंगठा म्हणजे असलम, बापाचं गॅरेज होतं. मागं शाईनं फुली म्हणजे डॉक्टरांचा नंदू. हरलेलं कार्ड परत ओळखता यावं म्हणून करायचा, आणि परत कधी जिंकला नाही.

तर तसंच लावायचं. कुणाकडून जिंकलं त्याप्रमाणे. प्रत्येक पानावर वर चिठ्ठी, त्या पोराचं नाव.

घरी आल्यावर फाइल घेऊन बसले. जमतंय. लई जमतंय.

१६ ऑक्टो., गुरु.

फाइल भरत आली. शेवटचं पान दादाचं. त्याच्याकडूनपण जिंकलीत की मी! आजोळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, माळवदावर. त्याची कार्डं कोरी, कडक, कारण तो खेळायचा कमी आणि मोजायचा जास्त.

हे पान लावताना एक डोक्यात आलं आणि तेव्हापासून चैन नाही. भाऊबीजेला मी कार्डं मागणार. मागणार म्हणजे त्याची आहेत हे कबूल करणार. आपलीच वस्तू ताट पुढं करून मागायची? मग तो देणार, आई म्हणणार किती मोठ्या मनाचा माझा लेक, आणि आयुष्यभर ती दादानं दिलेली कार्डं होणार.

मग काय करायचं? माहीत नाही. पण मागायचं नाही एवढं नक्की.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी

आज घात झाला.

सगळ्यात चांगली नऊ कार्डं पहिल्या पानासाठी ताटलीत काढून ठेवलेली. संध्याकाळी कंपनीतून आले तर हे हसत उभे. "डोळे मीट." मिटले. हातात काहीतरी कडक, गुळगुळीत.

लॅमिनेशन.

नऊच्या नऊ. क्रांती चौकात झेरॉक्सवाल्याकडं जाऊन, एकेक वेगळं, कडा गोल कापून. "आता शंभर वर्षं काय होत नाही. तुझ्या दहावीच्या मार्कशीटला केलं तसंच सांगितलं त्याला."

रडले. ह्यांना कळेना काय झालं. ते सोलून काढू का म्हणून कात्री घेऊन आले, मी ओरडले तशी कात्री ठेवून दिली. कप्प्यात जात नाहीत आता ती. निघतही नाहीत. घरात जे जे मोलाचं, ते ते ह्यांनी लॅमिनेट केलंय. रेशनकार्ड, पोरीची टीसी, लग्नाची पत्रिकासुद्धा. मलाच कळायला हवं होतं की ताटली उघड्यावर ठेवू नये.

धनाची पूजा ह्यांनीच केली.

२० ऑक्टो., सोम.

पहाटे अभ्यंगाला ह्यांनी पाणी तापवून ठेवलं, उटणं कालवून ठेवलं, आणि दाराआडून म्हणाले, "शोभा, चुकलं माझं. पण मला खरंच वाटलं तुझं ते खराब होऊ नये."

राग गेला. पूर्ण नाही, पण गेला. ह्या कार्डांना खराब होऊ नये असं माझ्याशिवाय पहिल्यांदाच कुणाला तरी वाटलं.

त्या नऊंना मोठ्या कप्प्याचं वेगळं पान केलं. वर चिठ्ठी लावली, 'ह्यांचा प्रताप'. वाचून हसले बिचारे.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा

ह्यांना ओवाळून दुपारी दोघं आईकडं आलो. फाइल शोकेसमध्ये लावली.

आईच्या शोकेसमध्ये काय आहे? दादाचा पदवीचा फोटो, दादाच्या ढाली, दादानं आणलेला ताजमहाल. माझी एक वस्तू नाही. ताजमहाल वरच्या फळीवर सरकवला आणि मधोमध फाइल उभी केली, सुभाषचं पान काचेकडं उघडून.

आई बघत होती. "दादाला विचारलंस का?"

"नाय."

आणि काच लावून घेतली.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

नीट लिहून ठेवते, उद्या परत वाचायचंय.

दादा दहाला आला. चहा घेताघेता, "कुठाय डबा?" मी शोकेस दाखवली. त्यानं आधी चांगली नऊच शोधली. साहेबांना मोबाइलवर त्यांचीच नावं सांगितली होती. सापडली.

"हे काय गं? साहेबांना हे देऊ? रेशनकार्ड वाटतंय हे!"

आमचे हे छताचा पंखा बघत बसले.

"बरं, बाकीची दे." पानं उलटायला लागला. सुभाष, असलम, नंदू. हसू यायला लागलं त्याला. "हा नंदू लई चिडायचा ना?" मग शेवटचं पान आलं. चिठ्ठीवर 'दादा'.

"मी? मी कधी हरलो तुला?"

"आजोळी. माळवदावर. रडला होतास."

"काहीपण!"

आणि आई करंज्या तळता तळता आतून म्हणाली, "रडला होतास रे. मीच गूळ-शेंगदाणे देऊन गप केलं."

मी आत गेले. विचारलं, आई, तुला माहीत होतं तर मग डबा दादाचा कसा?

आई झाऱ्यातलं तेल निथळवत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या कपाटात होता म्हणून."

एवढंच. एवढंच कारण होतं.

ओवाळलं. सुपारी, अक्षता, सगळं. दादा ताटात हात नेऊन थांबला. वाट बघत होता, मला कळत होतं. आईनं त्याला आधीच सांगितलं असणार, ती कार्डं मागेल बघ. देणारही होता तो, तोंडावर दिसत होतं. मी ताट तसंच धरून ठेवलं. शेवटी त्यानं पाकीट ठेवलं, दरवर्षीसारखं.

जेवताना म्हणाला, "मागितली असतीस तर दिली असती."

"म्हणून नाही मागितली."

दादाला श्रीखंड आवडतं, त्यानं दुसऱ्यांदा घेतलं नाही. मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला लिहू. पण माघार नाही.

२४ ऑक्टो., शुक्र.

सकाळी बॅग भरून दादा शोकेससमोर. आपलंच पान काढून बघत होता. मी मागं जाऊन उभी राहिले.

"ही शेवटची दोन मी मुद्दाम हरलो होतो," म्हणाला.

"खोटं बोलू नको, दिवाळी आहे."

"मग खेळू परत."

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. तुळशीच्या लग्नाला येतो म्हणाला, इथंच, आईच्या भिंतीवर. तो जिंकला तर फाइल पुण्याला, साहेबांकडं. मी जिंकले तर चिठ्ठ्या आहेत तशा राहतील आणि तो परत नाव काढणार नाही.

आई म्हणाली, "लाज वाटू द्या, केस पिकले तुमचे."

खेळायचं तर कार्डं कप्प्यातून बाहेर काढावी लागणार. भिंतीवरून पडणार, कोपरे दुमडणार. इतकं मोजे घालून सांभाळलं ते काय यासाठी? नाही म्हणता आलं असतं. फाइल माझ्याच ताब्यात आहे.

पण टाकीमागून मला कुणी हरवून घालवलं नव्हतं, घरात बोलावून घेतलं होतं. तो डाव अर्धाच राहिलाय.

म्हटलं, ये. लॅमिनेशनवाली चालणार नाहीत.

२८ ऑक्टो., मंगळ.

जुन्या लग्नपत्रिका कार्डाच्या मापात कापल्या. शिफ्टवरून आले की भिंतीशी सराव. हात विसरलाय. कार्ड सोडताना अंगठा आधी निघायचा की बोट? सगळी लांब जाऊन पडतायत. हे खाली बसून गोळा करून देतात. म्हणाले, "एक सुचवू का?" मी म्हटलं, नको.

३० ऑक्टो., गुरु.

अंगठा आधी. मनगट सैल. आठवलं! पाचात तीन पडली. आईचा फोन, दादा तिकडं पार्किंगच्या भिंतीवर सराव करतोय म्हणे, वहिनी वैतागलीय.

१ नोव्हें., शनि.

उद्या तुळशीचं लग्न. दादाची गाडी निघालीय.

संध्याकाळी आईकडं आले. भिंतीजवळची खुर्ची, कुंडी हलवली. फरशी पुसून कोरडी केली, कार्ड घसरायला नको. मग शोकेस उघडून फाइल काढली. दादाच्या पानावरची कार्डं एकेक करून कप्प्यातून बाहेर घेतली. उद्या ह्याच कार्डांनी खेळणार. मोजे घातले नाहीत.

आई तुळशीला गेरू लावत होती. हात पुसत आत आली, माझ्या हातातलं एक कार्ड घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. "हे कसं सोडायचं असतं गं?" म्हणाली.

दाखवलं. आईनं भिंतीला टेकवून सोडलं. लांब गेलं.

"परत दे," म्हणाली.