पान एकशे त्रेचाळीसवरचे वाक्य

मी, गीताबाई भगवंतराव उमाळे, वय अडुसष्ट, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, धंदा शेती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. येत्या मंगळवारी अकोल्याला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्यासारखे काही नाही. ऑपरेशनला मी भीत नाही. हे लिहायचे राहून जाईल याला भिते.

कलम १. मी दिनांक ९ मार्च २०१५ रोजी केलेले व नोंदवलेले मृत्युपत्र याद्वारे संपूर्ण रद्द करते. त्यात माझा मुलगा शेखर याला काहीही मिळू नये असे लिहिले होते, आणि कारणही लिहिले होते: "ज्याने बापाला रस्त्यावर सोडले, त्याचा या मातीवर हक्क नाही." वकील प्रसेनजित तायडे तेव्हा म्हणाले होते, "काकू, कारण लिहायची गरज नसते." मी हट्टाने लिहायला लावले. आता मला ते कारणच खोडायचे आहे, आणि 'रद्द' एवढा शब्द लिहून ते खोडले जात नाही. म्हणून हा कागद लांबणार आहे. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

कलम २. माझे पती भगवंतराव दिनांक ११ जुलै २०१४ रोजी संध्याकाळी संग्रामपूर ते वरवट या रस्त्यावर वाहनाच्या धडकेने वारले. वाहन सापडले नाही.

त्या दिवशी सकाळी त्यांचे आणि शेखरचे कडाक्याचे भांडण झाले होते. शेखरला वावर सोडून दुकान टाकायचे होते. तरी दुपारी दोघे एकाच मोटारसायकलवर संग्रामपूरला मिरचीची रोपे आणायला गेले. संध्याकाळी शेखर एकटाच परत आला, मागच्या सीटवर रोपांचे ट्रे बांधून.

मी विचारले, "बाबा कुठी हायेत?"

तो म्हणाला, "त्याइनंच धाडलं मले. रोपं सुकतीन म्हने, तू पुढं जा, मी मागून आटोनं येतो."

तास गेला तरी ते आले नाहीत. शेजारचा गोकुळ इंगळे, जो गावचे वाचनालय सांभाळतो, त्याच्या गाडीवर बसून मी शोधायला निघाले. ऑटो मिळाला नसावा, ते पायी निघाले असावेत. रस्त्याच्या कडेला निंबाखाली ते पडलेले होते. त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा घडी करून डोक्याखाली ठेवलेला होता. चष्मा शर्टाच्या खिशात होता, मिटलेला, काचा शाबूत. चष्म्याशिवाय त्यांना दोन पावलांवरचे दिसत नसे. चालताना त्यांनी तो काढलाच नसता. मी पोलिसांना विचारले, दवाखान्यात विचारले, चष्मा खिशात कोणी ठेवला? कोणालाच ठाऊक नव्हते. मग मी विचारणे सोडले.

तेराव्याला साऱ्या पाव्हण्यांसमोर मी शेखरला म्हटले, "रोपाईले गाडीवर जागा होती, बापाले नव्हती?"

महिन्याभरात तो मेहकरला गेला. तिथे फवारणी पंप दुरुस्त करायचे दुकान टाकले. अनुपमाशी लग्न केले, मी गेले नाही. नातीचे बारसे झाले, मी गेले नाही.

कलम ३. माझ्या मालकीची एकशे बारा पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांच्यासोबत माझी अभिप्रायाची वही द्यावी. मी सातवी शिकले. कादंबऱ्या वाचायचे वेड मला नवऱ्याने लावले, आणि ते गेल्यावर त्याच वेडाने मला तगवले. संपवलेल्या प्रत्येक कादंबरीबद्दल मी वहीत लिहिते. गोकुळने त्यातले व्याकरण सुधारू नये आणि कोणा लेखकाला वाईट वाटेल म्हणून पाने फाडू नयेत. या दिवाळीनंतर संपवलेल्या दोन कादंबऱ्यांचे मत उदाहरणादाखल इथे उतरवते.

'साडेतीन खोल्यांचं आभाळ'. बाई नवऱ्याचे घर सोडते. दीडशे पानांपर्यंत मी हातातून खाली ठेवली नाही. पुढे लेखिका स्वतःच घाबरली आणि बाईला एक चांगला पुरुष भेटवून मोकळी झाली. एवढ्यासाठी घर सोडले होते का?

'नांगरलेली सकाळ'. खेड्यावरची आहे असे मुखपृष्ठ सांगते. यात पौषात कापायची तूर श्रावणातच सोंगतात. लेखकाने एकदा आमच्याकडे येऊन जावे, मी जेवू घालीन आणि तुरीचे शेतही दाखवीन.

तिसरीसाठी वेगळे कलम लागते.

कलम ४. संग्रामपूरचे निवृत्त मुख्याध्यापक अर्जुनराव पातोंडे यांची 'वळणाआधी' ही कादंबरी यंदा निघाली. आपल्या तालुक्यातला माणूस म्हणून गोकुळने दोन प्रती मागवल्या आणि पहिली मला दिली. एका माणसाच्या हातून गाडीखाली दुसरा माणूस मरतो, तो पळून जातो आणि आयुष्यभर जळतो, अशी गोष्ट आहे. शहर कुठलेतरी नदीकाठचे, मेलेला माणूस गिरणीतला. मी वहीत लिहिले होते, "भाषा नेटकी. माणूस खरा वाटतो. पुढे पाहू."

मग पान एकशे त्रेचाळीस आले. पळून जाण्याआधी तो गाडीवाला त्या माणसाचा दुपट्टा त्याच्या डोक्याखाली सारतो, चष्मा काढतो, मिटतो आणि त्याच्या खिशात ठेवतो. मरणारा माणूस त्याला म्हणतो, "पोराले काही म्हनू नका. मीच धाडलं त्याले."

साऱ्या पुस्तकात माणसे पुण्यासारखी बोलतात. गिरणीतला तो माणूसही आधी दोनदा तसाच बोलला आहे. या एकाच वाक्यात तो आमच्यासारखा बोलतो. आणि त्या कादंबरीत त्याला मुलगा असल्याचा आधी उल्लेख नाही, नंतरही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, लेखकाकडून चूक राहिली. मी ते पान चार वेळा वाचले. गॅसवर वांग्याची भाजी करपून धूर झाला, तेव्हा माझी मुलगी डिंपल धावत आली.

कादंबरी मी शेवटपर्यंत वाचली. अर्धवट वाचून मत द्यायचे नाही हा माझा नेम आहे. पश्चात्ताप फार सुंदर लिहिला आहे. दोनशे पाने तो माणूस झोपत नाही, देवळात जातो, नदीकडे बघतो. मेलेल्याच्या घरच्यांसाठी सगळ्या पुस्तकात एकच ओळ आहे, पान दोनशे सहा: "त्याच्या घरी कोणीतरी असेल."

कलम ५. मी पुस्तक पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संग्रामपूरला त्यांच्या घरी गेले. एकटी गेले. छातीत धडधड इतकी होती की जिन्याच्या चार पायऱ्यांवर दोनदा थांबले. त्यांना वाटले, वाचक आली आहे. खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितले, सहीसाठी पेन काढले.

मी पान उघडून पुढे केले. म्हटले, "सर, हे वाक्य तुम्ही रचलं, का कोनी म्हटलं?"

ते हसले. "कादंबरी आहे, ताई. सगळं काल्पनिकच असतं."

"सगळं असू द्या. मी हे एकच वाक्य इचारून राह्यली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही कुठल्या?"

"वरवटची. उमाळे. पान दोनशे सहावर तुम्ही लिहिलं ना, त्याच्या घरी कोनीतरी असेल? ते कोनीतरी म्हंजे मी."

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. ते तिला म्हणाले, "नंतर." ती तशीच आत गेली. त्यांनी सहीचे पेन बाजूला ठेवले.

मग म्हणाले, "बाकी सगळं मी रचलं. ते वाक्य नाही."

"किती वेळ जित्ते होते ते?"

"पाच मिनिटं. जास्त नाही. दवाखान्यात न्यायचं म्हणून उचलायला वाकलो, तर ते बोलले. मग मान कलंडली. मी घाबरलो आणि निघालो."

"कोन हायेत हे कधी समजलं?"

"दुसऱ्या दिवशी. पेपरात नाव होतं."

"म्हंजे सांगावा कोनाचा अन् कोनाले द्याचा, हे तुमाले दुसऱ्याच दिवशी मालूम झालं."

"हो."

"अकरा वर्सं, सर."

"धीर झाला नाही."

"लिहाले झाला," मी म्हटले.

हे कलम मी रागाने लिहीत नाही असे लिहिणार होते. पण खोटे कशाला? रागानेच लिहिते. धडक चुकून बसली असेल, ती मी सोडून देऊ शकते. पण माझ्या नवऱ्याचे शेवटचे बोलणे या माणसाने स्वतःजवळ ठेवले, आणि शेवटी छापले तेही आपली कादंबरी सजवण्यासाठी. वाचक म्हणून माझे मत असे की त्या पुस्तकातले सर्वांत चांगले वाक्य त्यांचे नाही.

आणि हेही लिहिले पाहिजे. त्यांनी वाक्य दडवले, पण शेखरवरचा आळ माझा होता. तो मला कोणी शिकवला नव्हता. भगवंतराव रोपे सुकू न देणारे माणूस होते, हे मला तीस वर्षे ठाऊक होते. शेखर म्हणाला ते तसेच घडले असणार, हे मला त्याच संध्याकाळी समजायला हवे होते.

कलम ६. घरी येऊन मी शेखरला फोन लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी लावला. सगळे सांगितले. वाक्य वाचून दाखवले. पलीकडून पंपाचा आवाज येत होता, तो बंद झाला.

मी म्हटले, "अर्धं वावर तुह्या नावानं करतो मी, शेखर."

तो म्हणाला, "मले वावर नको, आई. मी तुले सांगतलं होतं ना तवाच? तुले पुस्तकात वाचा लागलं?"



डिंपल, जिने लग्नानंतरही नवऱ्यासह या घरात राहून अकरा वर्षे माझे केले, तिला मी त्याच दिवशी सांगितले. ती चिडली. म्हणाली, "आई, एका कादंबरीतल्या वाक्यावर तू अर्धं वावर देऊन राह्यली? उद्या तो मास्तर म्हनीन, मी असाच लिहून गेलो, मंग?"

तिचे बोलणे खरे आहे. घाबरलेला माणूस आज बोलतो, उद्या फिरतो. वकिलांनीही हेच विचारले: पुरावा काय? म्हणून कलम आठ.

कलम ७. वरवट बकाल शिवारातील माझ्या नावे खरेदी केलेले तीन एकर शेत, त्यातील संत्र्याच्या झाडांसह, शेखर आणि डिंपल यांना निम्मे निम्मे द्यावे. विहिरीचे पाणी दोघांचे. राहते घर डिंपलचे. तिने माझे केले त्याची फेड म्हणून नव्हे, ती फेड होत नाही. शेखरने त्याचा हिस्सा नको म्हटले तर तो त्याचा हक्क आहे. त्याने तो बहिणीला द्यावा, नातीला द्यावा, पडीक ठेवावा. पण आईने तो दिला होता, हे कागदावर राहावे.

'वळणाआधी'ची माझी प्रत शेखरला द्यावी. वाचनालयाला दुसरी आहे. पोलिसांत जायचे की नाही हे शेखरने ठरवावे. वकील म्हणतात, इतक्या वर्षांनी काय होईल सांगता येत नाही. जे होईल ते होवो. डिंपलने, मी, गावाने कोणीही त्याला त्यात सल्ला देऊ नये. आम्ही पुष्कळ बोललो आहोत.

कलम ८. या मृत्युपत्रास पहिला साक्षीदार गोकुळ इंगळे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवली आहे. अर्जुनराव पातोंडे यांना निरोप पाठवला आहे की रविवारी सकाळी दहा वाजता येऊन, कलम दोन ते पाच वाचून, स्वतःच्या अक्षरात खरे की खोटे ते लिहावे आणि सही करावी. शेखरलाही बोलावले आहे. दोघांपैकी कोण येईल, मला माहीत नाही.

रविवार, सकाळी साडेअकरा. पुढचे त्याच शाईने, पण आज लिहिते.

शेखर नऊलाच आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, अकोल्याला न्यायला आलो आहे, कागदासाठी नाही. डिंपलने त्याला पाणी दिले, त्याने ते घेतले. दहा वाजले, साडेदहा वाजले. अकरा वाजले तेव्हा गोकुळ म्हणाला, "मावशी, मी दुसरा साक्षीदार बोलावतो." मी नको म्हटले. छातीत दुखत होते ते कोणाला सांगितले नाही.

अकरा वाजून गेल्यावर अर्जुनराव आले. बायको सोबत होती. तिचा चेहरा पाहून समजले, तिला आजच कळले आहे. त्यांनी उभ्यानेच कलमे वाचली. मी म्हटले, "लिहाच्या आधी बोला. ज्याच्यासाठी ते वाक्य होतं त्याले सांगा."

ते शेखरकडे वळले. वाक्य त्यांनी सांगितले. पुस्तकात आहे तसेच, फक्त मध्ये दोनदा अडखळले.

शेखरने विचारले, "अजून काय केलं त्याइनं?"

"माझं मनगट धरलं होतं. बोलून होईपर्यंत सोडलं नाही."

"कोनतं?"

अर्जुनरावांनी उजवा हात पुढे केला. शेखर त्या मनगटाकडे पाहत राहिला. पुढे झाला, वाटले मारतो की काय, गोकुळ उठलासुद्धा. शेखरने ते मनगट दोन्ही हातांत धरले. किती वेळ धरले मी सांगू शकत नाही. मग सोडले, टेबलावरचे पेन उचलून त्या हातात दिले आणि म्हणाला, "लिहा आता."

सदर मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: वरवट बकाल
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) गीताबाई भगवंतराव उमाळे

साक्षीदार १: (सही) गोकुळ इंगळे, वरवट बकाल. गीताबाईंनी माझ्यासमोर सही केली. चष्मा खिशात होता, तो मीही पाहिला होता.

साक्षीदार २: गीताबाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम दोन ते पाच खरे आहे. गाडी मी चालवत होतो. ते वाक्य भगवंतराव उमाळे यांचे आहे.
(सही) अर्जुनराव पातोंडे, संग्रामपूर