राख लावलेली पाच पिल्लं

माय,

अंडी धुतली ही माझी चूक होती. शाळेत गेले ही नव्हती. एवढं तुला एकदा स्पष्ट सांगायचं होतं, पण तू होतीस तेव्हा जमलं नाही. तुझ्यापुढं उभं राहिलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली. मी नोकरी करून निवृत्त झाले, पडेगावला मागं मोकळी जागा असलेलं घर बांधलं, तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की आधी पदर सारखा करते. आज मागच्या पडवीत माझी खुडूक कोंबडी एकविसाव्या दिवसाला बसून आहे. दोन अंड्यांना भेग पडलीय, आतून चिवचिव ऐकू येतेय. मी तिच्यापासून चार हातांवर स्टूल टाकून बसलेय, आणि हातात कागद आहे.

आपली ती तांबडी कोंबडी तुला आठवत असेल. खुडूक झाली की जागची हलायची नाही. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे खायची, पाणी प्यायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत यायची. म्हणून गल्लीतल्या बाया त्यांची अंडी तुझ्याकडं आणून देत. तू प्रत्येकीच्या अंड्यावर कोळशानं वेगळी खूण करायचीस. कुणाला एक रेघ, कुणाला फुली, शेजारच्या चाचीला वाटोळं. अंडी फुटायच्या दिवशी तू शेतात जायची नाहीस. डालग्याजवळ बसून राहायचीस आणि टरफलावरची खूण बघून कुठलं पिल्लू कुणाचं ते सांगायचीस. त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत चाचा घरातून गेले ते परत आले नव्हते, आणि काही बायांनी चाचीच्या दारात जाणं सोडलं होतं. तुझ्या डालग्यात मात्र तिची अंडी इतरांच्या अंड्यांना खेटून असायची. हे तुझं मी मान्य करते. आज मी भांडायला बसलेय, तरी करते.

गावातली शाळा तेव्हा नुकतीच उर्दूची मराठी झाली होती. नगरकडून आलेले गुरुजी रोज आमची नखं बघायचे आणि स्वच्छतेवर बोलायचे. अंडी धुवा असं ते कधी म्हणाले नाहीत. ते माझंच डोकं. अंडी बसवून सहा दिवस झाले होते. कोंबडी दाणे खायला उठली आणि मला त्या अंड्यांवरची घाण दिसली. मी रिठ्याच्या पाण्यात तेराही अंडी एकेक करून धुतली, पदराच्या टोकानं पुसली आणि परत ठेवली. कशी पांढरीफेक दिसत होती! तू शेतातून आल्यावर मीच तुला हाताला धरून दाखवायला नेलं.

तू खाली बसलीस. एक अंडं उचलून सगळीकडून फिरवून पाहिलंस. मग म्हणालीस, "कोणं सांगितलं तुला हे शानपन? अंडं काय बटाटं हाय व्हय धुयाला?" खुणा गेल्या हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अंड्याच्या कवचावर निसर्गानं दिलेला एक लेप असतो, तो धुतला की आत घाण शिरते आणि अंडं नासतं, हे मला पुढं पुस्तकात वाचून कळलं. तुला ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. पण तू मला कधी सांगितलं नव्हतंस, माय. तू हातानं करायचीस आणि आम्ही बघून शिकावं असं तुला वाटायचं. मी विचारलं की म्हणायचीस, "गप बघ."

तेरातून पाचच निघाली. बाकीची आठ हलवली की आत पाणी खळखळायचं. ज्यांची अंडी होती त्या पाचही जणी ओट्यावर जमल्या. एक म्हणाली, "शिकली बया पोरगी, आता कोंबडीला बी न्हाऊ घालंल!" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "खूनच नाय तर माझी फुटली का हिची, कसं कळायचं? चाचीचीच नासली असतील." चाची नुसती ओढणी सारखी करत राहिली. तेव्हा तू उठलीस. "तुमी पाच जणी, पाच पिल्लं हायती. एकेकीला एक. महिन्याभरानं अंगावर पिसं आली की घिऊन जावा. माझ्या अंड्यांचं मला काय नको." आणि त्यांच्या देखत माझ्याकडं वळून म्हणालीस, "तू शाळेत जायचं नाय. महिनाभर घरी बसून ही राख. पाचीच्या पाची जगली तर बघू शाळेचं. एक बी गेलं तर पाटी इहिरीत." दादा तिथंच भाकरी खात होते. बाप असून त्यांनी मान वर केली नाही.

महिन्याभरात परीक्षा होऊन गेली असती. गुरुजींनी पटावरून माझं नाव काढलं असतं आणि परत घालायला कुणीच गेलं नसतं. तुला हे ठाऊक होतं की नव्हतं, अजूनही मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी तू खुरपायला जातेस आणि मी डालग्यात कोंबडी घालते, पिल्लं ओच्यात घेते आणि शाळेची वाट धरते. पोरं हसतात. गुरुजी दारात उभे. म्हणतात, "हे काय आणलंस?" मी म्हणते, "गुरुजी, ह्यांना राखायचंय आन् मला शिकायचंय." मोठ्या माणसापुढं इतकं लांब वाक्य मी तोवर बोललेच नव्हते. त्यांनी ओच्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "निंबाखाली ठेव. आवाज झाला तर घरी जायचं." असे बारा दिवस गेले. खिडकीजवळ बसून मी हिशेबाची गणितं सोडवायचे आणि डालग्यावर डोळा ठेवायचे. दुपारच्या सुट्टीत त्यांना तासभर मोकळं सोडायचे. कोंबडी उकरायची, पिल्लं तिच्या पायात. तुला हे शेवटपर्यंत कळलं नाही असं मी धरून चालले होते.

तेराव्या दिवशी सुट्टीत मी पाटीवर एक गणित करत बसले. उत्तर चुकत होतं म्हणून परत केलं. कोंबडी एकदम ओरडली. मी वर बघते तो घार निंबाच्या वर गेलेली, आणि खाली चारच पिल्लं. म्हणजे तू म्हणालीस तसंच झालं. शाळेपायी पिल्लू गेलं.

मी तुझ्याकडं आले नाही. चाचीकडं गेले. तिची एक कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती, तेवढ्याच वयाची, पण काळी. आपली सगळी तांबडी. चाचीनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोओ नक्को बेटी. एक ले जा. अब्बी मत छोड, दिन में देखी तो टोच टोच के मार डालेगी. दिया लगने की बखत उसके पेट के नीचे सरका दे." मग जाताना हळूच, "तेरी माँ पूछी तो मेरा नाम नक्को लेना."

दिवेलागणीला मी ते कोंबडीखाली सरकवलं. सकाळी उजाडलं तशी ती त्याला टोचायला लागली. ते कोपऱ्यात जाऊन किंचाळत होतं, आणि तू माझ्या मागं येऊन उभी होतीस. म्हणालीस, "हे काळं कवा झालं?"

मी म्हणाले, "पयल्यापासनं हाय."

"व्हय?"

"व्हय."

तू चुलीतली गार राख मूठभर आणलीस. खाली बसलीस, एकेक पिल्लू उचललंस आणि मानेपासून पंखाखालपर्यंत राख चोळलीस. पाचही. "उवा झाल्यात," म्हणालीस. कोंबडीच्या पोटाला नि चोचीलाही लावलीस. राख लागली की पाचही करडी झाली, वासही सगळ्यांचा एकच. दोन दिवस तू हे रोज केलंस. तिसऱ्या दिवसापासून कोंबडीनं टोचणं सोडलं, आणि परीक्षा होईपर्यंत मी डालगं परत निंबाखाली नेलं.

महिना भरल्यावर बाया आल्या. तू तांबडी चार चौघींना दिलीस आणि काळं चाचीच्या हातात ठेवलंस. "चाची, हे तुमचंच हाय." चाची चेहरा जराही न हलवता म्हणाली, "हौ, मेराइच है." तिचं पिल्लू तिला परत मिळालं, आणि तिच्या अंड्यांचं काहीच मिळालं नाही. तुझा शब्द राहिला, माझी शाळा राहिली, आणि भरलं ते चाचीनं. पुढच्या खेपेला तू तिची अंडी सगळ्यांच्या आधी मांडलीस, ते मी पाहिलं. तरी ह्याचा राग मला तुझ्यावर आहे, माझ्यावरही आहे. मला तू त्या दिवशी फक्त "जा" म्हणालीस. शाळा बंद करणं चुकलं असं तू तेव्हा म्हणाली नाहीस, मॅट्रिक झाले तेव्हा नाही, नोकरीच्या पहिल्या पगारातून पाचोडच्या बाजारात तुला लुगडं घेतलं तेव्हाही नाही. म्हणून मीही कधी आभार मानले नाहीत. आजही मानायला बसलेले नाही. त्या महिन्यात मी चोरून शाळेत गेले, खोटं बोलले, आणि तसंच परत करीन. आज माझ्या कोंबडीखालच्या अंड्यांवर कोळशाच्या खुणा आहेत. सगळी माझीच आहेत, खुणांची गरज नाही, तरी आहेत. त्यांना पाण्याचा थेंब लागलेला नाही.

पहिलं पिल्लू बाहेर आलंय. ओलं आहे, अजून मान उचलत नाही. त्याला हात लावायचा नाही, हे मला माहीत आहे. हा कागद मी धान्याच्या डब्यात ठेवून देईन, पाठवायचा तरी कुठं. जाता जाता एक राहिलं. त्या सकाळी तू मागं येऊन उभी राहायच्या आधीच मी पाचही पिल्लांचे पंख उचलून बघितले होते. त्यांना उवा नव्हत्या.