फ्लूचा हिवाळा

प्रिय नेवेना बाई,

पत्र उघडल्याबरोबर तुमचा हात लाल पेनाकडे जाईल, मला माहितेय. खुशाल खुणा करा, पण शेवटपर्यंत वाचा. चौथीनंतर मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही. कर्जलीच्या तांत्रिक शाळेत दोन वर्षं काढली, तिथे लिहायचं काम कमी आणि नट-बोल्टांवर पाने फिरवायचं जास्त. मी नेज्मी, खिडकीजवळच्या बाकावरचा. गाढवाच्या कानाला वसंताच्या स्वागताचा मार्चमधला लाल-पांढरा दोरा बांधून त्याला शाळेच्या पायऱ्या चढवल्या होत्या, तोच. तुम्ही गाढवाला म्हणालात, “बस बाबा, आज तूच उत्तरं दे, नेज्मीपेक्षा बरी देशील.” ते मी अजून लोकांना सांगतो.

गावात सध्या तंबाखूची रोपं लावायची गडबड आहे. आईची कंबर धरलीय, पण ऐकत नाही. शाळा या उन्हाळ्यानंतर बंद, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. अकरा पोरांसाठी सरपण जाळणं परवडत नाही म्हणतात. तुम्ही सोफियाला लेकीकडे जाणार हेही ऐकलं. चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, अंगणात तुमचा निरोप समारंभ आहे आणि हेडमास्तर दान्चेवनी मला भाषण करायला सांगितलंय. म्हणाले, “तू चावट आहेस, लोकांना हसव, रडारड नको.” मी हो म्हणालो. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

तुमच्या वर्गात मी इतिहास शिकलो असं म्हटलं तर कर्जलीचे मास्तर हसतील. पण शिकलो. तुम्ही पुस्तक बंद करून आम्हाला गावात हाकलायचात, मृत्यूपत्रकं वाचायला, मेलेल्यांच्या आठवणीचे ते छापील कागद. दारांवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्याच्या अक्रोडावर. काळ्या चौकटीची ख्रिस्ती माणसांची, हिरव्या चौकटीची आमच्या मुसलमान माणसांची. चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, वर्ष झालं, प्रत्येक वेळी नवं चिकटवलेलं. एका खांबावर आम्ही एकाखाली एक सात थर मोजले होते. तुम्ही म्हणालात, “हाच इतिहास, वरचा कागद जपून सोलायचा.” मग ते तीन प्रश्न, भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेले. कोणी सांगितलं? तो तिथे होता का? हे सांगून त्याला काय मिळतं? मी बिअरचं बूच ठोकून, आठवडाभर शेणात पुरून, थ्रेशियन राजाचं नाणं म्हणून आणलं होतं. “कोणी सांगितलं?” “गाढवाने.” “ते तिथे होतं का?” “होतं ना बाई, शेण त्याचंच.” सगळा वर्ग लोळला. तुम्हीही हसलात, आणि मग मला शिकवलंत की खोट्या नाण्यालासुद्धा खरा इतिहास असतो, ते कोणी आणि कशासाठी बनवलं याचा.

आणि मग तुमची फ्लूची गोष्ट. ‘डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार’ हा धडा आला की तुम्ही तीच सांगायचात. नोकरीचं पहिलं वर्ष, तुम्ही बावीस वर्षांच्या, पंच्याऐंशीचा जानेवारी, बर्फ खिडकीपर्यंत. एका सकाळी येता तर एकोणीस पोरांपैकी चौदा गायब. असा फ्लू गावाने कधी पाहिला नव्हता. तुम्ही फळ्यावर रिकामे बाक काढायचात, एकेका बाकावर छोटा गोल, आणि म्हणायचात, “पाच पोरांना शेगडीभोवती बसवलं आणि तीन दिवस गोष्टी सांगितल्या. मुलांनो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी तिथे होते.” माझ्या अंगावर काटा यायचा. मी घरी जाऊन आईला विचारलं होतं, तू होतीस ना गं त्या वर्गात, तुला पण झाला होता फ्लू? ती सूप ढवळत होती. म्हणाली, “झाला होता.” आणि ढवळत राहिली.

आता कामाचं सांगतो. मागच्या सोमवारी दान्चेवनी मला मामाची गाडी घेऊन शाळेत बोलावलं, कपाटं रिकामी करायला. नवीन कागद नगरपालिकेत न्यायचे, जुने शेगडीत घालायचे. जुन्यांत हजेरीची पुस्तकं होती. मी आईचं नाव शोधायला म्हणून चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं उघडलं, तिला किती वेळा गैरहजर मांडलंय ते बघून चिडवायला.

ग्युल्तेन हे नाव सापडलं, बाई. त्याच्यावरून पट्टीने मारलेली एक रेघ होती, अगदी सरळ. वर लाल शाईत लिहिलेलं, गेर्गाना. खाली अहमद, वर आसेन. एमिने, वर एलेना. चौदा रेघा. चौदा नवीन नावं.

नावं बदलली होती हे मला ठाऊक आहे हो. त्या हिवाळ्यात सरकारने आमच्या सगळ्यांची तुर्की नावं काढून बल्गेरियन घातली, कबरीतल्या पणजोबालासुद्धा सोडलं नाही. ते घरोघरी माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. मला वाटायचं ते कोणीतरी शहरातून आलेल्या साहेबाने केलं, शिक्के घेऊन, बूट वाजवत. पण ते अक्षर तुमचं आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी मांजरासारखी वर वळलेली. मला यात कोणी फसवू शकत नाही, कारण चौथीत तुमच्या अक्षरात मी घरी तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, ‘आज नेज्मी फार छान वागला’ अशा. ती शेपटी जमायला मला दोन आठवडे लागले होते.

मग पुढचं पान. रेघांच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस चौदाही पोरं गैरहजर. शेऱ्याच्या रकान्यात, त्याच लाल शाईत, तुम्ही लिहिलंय, फ्लू.

मी तिथेच कपाटासमोर बसलो. दान्चेव म्हणाले, “काय रे, भूत दिसलं का?” मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. पुस्तक शर्टाखाली घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी शेतात आईला दाखवलं. तिने हात अ‍ॅप्रनला पुसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “अक्षर किती छान होतं रे बाईंचं.” मला इतका राग आला. मी म्हटलं, फ्लू होता का? “नव्हता. बाबांनी आम्हाला बर्फातून वरच्या पाड्यावर आत्याकडे नेलं होतं. परत नवं नाव ऐकायला नको म्हणून. तीन दिवसांनी पोलीस आले न्यायला.” मग तू मला खोटं का सांगितलंस? “तू दहा वर्षांचा होतास आणि तुला बाई आवडायच्या.” मग मला त्यांच्या वर्गात घातलंसच का? “गावात दुसरी शाळा होती का, शहाण्या?” तिने दोन रोपं लावली, मग आपणहून बोलली. तुमच्या मागे खुर्चीवर एक माणूस बसला होता म्हणे, कोट न काढता, आणि तुमचा हात थरथरत होता, पण रेघ हलली नाही. पट्टी होती ना. “बावीस वर्षांची पोर होती रे ती,” आई म्हणाली.

ते मला कळतं, बाई. खरंच कळतं. मी बावीसचा नाही अजून, आणि माझ्या मागे कोट घातलेला माणूस बसला तर मी काय करीन मला माहीत नाही. रेघेबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण मी चौथीत होतो तेव्हा मागे कोणी बसलं नव्हतं. तेव्हा वर्गात फक्त आम्ही नऊ जण होतो, तोंडं उघडी टाकून. तेव्हा तुम्ही फळ्यावर आमच्या आयांचे रिकामे बाक काढलेत आणि आम्हालाच सांगितलंत, मी तिथे होते. आणि अजून एक. ‘माझ्या नावाची गोष्ट’ असा गृहपाठ दिला होतात, घरी विचारून या म्हणून. मला बाजूला घेऊन म्हणालात, “नेज्मी, तू नाही केलास तरी चालेल.” मी आठवडाभर मिरवलो, बाईंचा लाडका म्हणून. परवा बसून मोजलं. आमच्या वर्गातल्या चार तुर्की पोरांपैकी एकानेही तो गृहपाठ केला नव्हता. आम्ही चौघेही लाडके होतो.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे केलं. कर्जलीत जाऊन मृत्यूपत्रकं छापली, चौदा, हिरव्या चौकटीची. ‘ग्युल्तेन, वय दहा, इयत्ता चौथी. अकरा जानेवारी एकोणीसशे पंच्याऐंशी रोजी हजेरीच्या पुस्तकात वारली. शोकाकुल, तिचा मुलगा.’ चोवीस मेच्या सकाळी शाळेच्या दारावर, अंगणातल्या प्रत्येक झाडावर लावणार होतो. कसं दिसतं बघायला एक आमच्याच फाटकावर चिकटवलं. आईने बघितलं, आत जाऊन सुरी आणली आणि कोपऱ्यापासून सोलत काढलं, जपून, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं तसं. “जिवंत बाईचं लावतात का रे?” मी म्हटलं, तुझं नाहीये, तिचं आहे. तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं चुलीत टाकेल. तिने तो कपाटात ठेवला, तिच्या पंधराव्या वर्षी कोर्टाने नाव परत दिलं त्या कागदाबरोबर. मग म्हणाली, “बाईंना लोकांसमोर रडवू नकोस. आधी सांग त्यांना.”

म्हणून हे पत्र, आणि पत्राबरोबर ते पुस्तक. शेगडी तुमच्या वर्गातच आहे, ते तिच्यात घालायचं तर मी अडवायला येणार नाही. पण मी भाषण करणार नाहीये. माझ्या वेळात तुम्ही उभ्या राहा, पान उघडा आणि हजेरी घ्या. लाल नावांची नको, रेघेखालच्या चौदांची. तुम्ही रेघ इतकी बारीक मारलीत की सगळी वाचता येतात. त्यांतले आठ जण एकोणनव्वदमध्ये तुर्कस्तानला निघून गेले, त्यांच्या नावापुढे थोडं थांबा, फळ्यावरच्या बाकांपुढे थांबायचात तसं. सहा जण अंगणात असतील. तुम्ही नाही घेतलीत, तर तेरा पत्रकं आणि डिंकाचा डबा माझ्या पिशवीत असेल, आणि त्या दिवशी मी आईचंही ऐकणार नाही. तिला या हजेरीचं काही सांगितलेलं नाही. तिने समारंभासाठी केस रंगवलेत आणि शेजारणीला सांगितलंय की बसायला तिसरी रांग बरी. वर्गातही ती तिसऱ्या बाकावर होती, पुस्तकात आहे. यादीत पाचवं नाव तिचं. ते घ्याल तेव्हा मान वर करून बघा. हजर म्हणायला तिला जरा वेळ लागेल.

तुमचाच, चौथीतला,
नेज्मी