बाटलीत हवा आहे

३ नोव्हेंबर
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. (कोणाची मागतोय कोण जाणे, डायरी माझीच.) वही जानेवारीत आणली होती. पण आता जबाबदारी वाढली, लिहिणं भाग आहे.
जावईबापू समुद्रात बुडी मारून शिंपले काढतात. बोटीवर कंप्रेसर, त्याला लांब नळी, नळीचं टोक त्यांच्या तोंडात. कंप्रेसरजवळ मी. आज त्यांनी पाठीला बांधायची छोटी पिवळी बाटली आणली. कंप्रेसर बंद पडलाच तर तिच्यातल्या हवेवर वर यायचं. मी म्हटलं, मी असताना बंद कसा पडेल? मुलगी म्हणाली, बाबा, यांचा जीव तुमच्या हातात आहे. बाटली भरलेली आहे ना, एवढं रोज बघा.
संकल्प: रोज बघणार.

४ नोव्हेंबर, सकाळी
बघितली. मीटरचा काटा हिरव्यात. पण मीटरवर विसंबणाऱ्यातला मी नाही. चावी फिरवली. फुस्स! हवा आहे. जिवात जीव आला.

५ नोव्हेंबर
फुस्स. छान. दुपारी शंका आली. पुन्हा फुस्स. ही म्हणाली, रात्री गॅस बंद केलाय का ते बघायला उठता, तसंच चाललंय तुमचं. हिला सेफ्टीतलं काय कळतंय!

९ नोव्हेंबर
एकही खाडा नाही. जावईबापूंनी विचारलं, बाबा, बाटली बघितलीत ना? म्हटलं, दोनदा. मग ते मीटरकडे न बघताच पाण्यात उतरले. जाताना शेजारच्या बोटवाल्याला म्हणाले, सासरा असावा तर असा. हे हिला जेवताना सांगितलं. झोपतानाही सांगितलं.
काटा जरा खाली आलाय. स्वस्तातला माल.

१२ नोव्हेंबर
काटा लाल रंगाला टेकला. टिचकी मारली, हलला नाही. म्हणजे बिघडला. जावईबापूंना सांगितलं नाही, उगाच घाबरतील. घाबरलेला माणूस जास्त हवा खातो. फुस्स बारीक येतंय, पण येतंय.
नवा विचार: कंप्रेसरची टाकी काठोकाठ भरली तर पेट्रोल सांडून आग लागेल. उद्यापासून अर्धीच भरायची.

१४ नोव्हेंबर
कंप्रेसर खोकला आणि गप्प झाला. टाकी कोरडी. जावईबापू चार पुरुष खोल पाण्याखाली. मी दोरी ओढत सुटलो, कंप्रेसरची की नांगराची ते आठवत नाही. मग बुडबुड्यांचा लोट आला आणि मागोमाग ते. ओठ निळे. बोटीच्या कडेला लटकून नुसते खोकत राहिले. मग म्हणाले, बाबा, बाटली रिकामी आहे. म्हटलं, शक्यच नाही, सकाळीच तपासली. कशी, म्हणाले. चावी फिरवून दाखवली. आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी बाटली सोडून माझ्या हातात दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर
शेजारचा बोटवाला म्हणाला, आजोबा, काडी पेटते का ते बघायला तुम्ही अख्खी काडेपेटी ओढलीत की! धक्क्यावर सगळे हसले. मुलगी हसली नाही.
माझं मत: दोष बाटलीचा. श्वासाची हवा वेगळी आणि तपासणीची वेगळी द्यायला नको? कंपनीला कळवणार.

१७ नोव्हेंबर, सकाळी
बाटली भरून आणली. मुलीने चावीवर चिकटपट्टी गुंडाळलीय. कंप्रेसरजवळ आता तीच बसणार. टाकी काठोकाठ भरून नेली, माझ्याकडे न बघता. मला घरचं काम दिलंय: दोघं काठाला लागले की फोन येईल, तो घ्यायचा. महत्त्वाचं काम आहे, कोणालाही देत नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी
फोन अजून नाही. सकाळी पूर्ण चार्ज होता. चालू आहे ना, ते अधूनमधून बघतोय. हिच्या फोनवरून रिंग देऊन बघितली, खणखणीत वाजते. टॉर्चही लागतो. हिचा फोन त्या तपासणीतच बंद पडला. लाइट सकाळपासून नाही. माझी बॅटरी लाल झालीय. हाही स्वस्तातला माल.
पोरांनो, वर आलात की लगेच कळवा. जरा लवकर कळवा.