आबांच्या बंदुकीची खीळ

देवास, भाद्रपद वद्य चतुर्थी, शके १८७४

तीर्थस्वरूप सौ. अक्काचे चरणी,

धाकट्या रघूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) भाऊजींचा दमा, तुझ्या सासूबाईंचे गुडघे आणि मागच्या पत्रात जिच्याबद्दल तू पानंच्या पानं लिहिलीस ती म्हैस, या सर्वांची खुशाली कळवावीस, क्रम तुमच्या धारच्या घरात जो चालत असेल तो ठेवावा. इकडे मी, तुझी भावजय सुमंगला आणि आबा तिघेही ठीक. त्यातलं आबांचं ‘ठीक’ म्हणजे काय, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे.

गेल्या दसऱ्याचं मी तुला दोन ओळींत लिहिलं होतं, ते पुरेसं नव्हतं. सीमोल्लंघनाहून परत आल्यावर आबा अंगणात उभे राहून टेकडीवरच्या देवीच्या नावानं बार काढतात, हे तुझ्या माझ्या जन्माआधीपासूनचं. थोरल्या पातीच्या शिकारखान्यातला माणूस, तेव्हा बार धाकट्या पातीत ऐकू गेलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. (आता दोन्ही पात्यांची संस्थानं मध्यभारतात विरली, तरी आबांचे कान अजून धाकट्या पातीकडेच.) गेल्या वर्षीही सगळी गल्ली सोनं हातात घेऊन जमली, बायकांनी कानांत बोटं घातली, आबांनी चाप ओढला आणि आवाज आला ‘टक्’. पुन्हा ओढला, पुन्हा ‘टक्’. बायका कानांत बोटं घालून बराच वेळ उभ्या होत्या बिचाऱ्या. आबांनी बंदूक आत नेली, उघडून पाहिली आणि “खीळ गेली” एवढंच म्हणाले. (हे पत्र भाऊजीही वाचतील म्हणून सांगतो: घोडा पडला की काडतुसाच्या बुडाला ठोकर देणारी जी करंगळीच्या पेराएवढी लोखंडी खीळ असते, ती. तुला सांगायला नको.)

तेव्हापासून फेटा खुंटीवर आहे. आबा ओट्यावर बसत नाहीत, टेकडीवर जात नाहीत. संस्थान गेलं तेव्हा जो माणूस दुपारची झोप काढून उठला आणि “बरं, चहा टाका” म्हणाला, तो एका खिळीनं असा खचावा हे मला बघवेना. येत्या दसऱ्याला आबांच्या हातून बार निघालाच पाहिजे, असं मी मनाशी धरलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, “कशाला नसत्या भानगडी? राहू दे ती तशीच.” हा उदासपणा समजून मी आणखीच जोमानं कामाला लागलो.

पहिल्यांदा गेलो घड्याळजीकडे, कारण बारीक काम. त्यानं डोळ्याला भिंग लावून अशी देखणी, चकचकीत खीळ घडवली की तिला डबीत ठेवावी. पहिल्याच ठोकरीला ती उदबत्तीसारखी वाकली. मग गेलो फत्तेसिंग लोहाराकडे. तो बिजागऱ्या आणि बैलगाडीच्या धावा करतो, त्यामुळे बळकटपणाची खात्री होती. ती इतकी बळकट निघाली की हातोड्यानं आत गेली आणि आतच राहिली. बंदूक उघडेना की मिटेना. फत्तेसिंगानं दस्ता धरला, मला नळी ओढायला लावली, आणि दोघांनी “जय भवानी” म्हणून जोर केल्याबरोबर खीळ सुटली. मीही सुटलो, तो तापलं लोखंड विझवायच्या कुंडीत पाठीवर पडलो. कंबरेचं ते कारण. घरी आल्यावर आबांनी मला शेक देवविला आणि म्हणाले, “सोड म्हटलं होतं ना रे?” पण आवाज इतका मऊ की मला वाटलं, ओरडले असते तर बरं.

मग कळलं की संस्थानच्या शिलेखान्यात हत्यारं दुरुस्त करणारे जुने उमाशंकर मिस्त्री आता टोंकखुर्दला उसाचे चरखे दुरुस्त करतात. परवाना खिशात होता, पण भरल्या मोटारीत बंदूक दिसली की माणसं परवाना वाचत बसत नाहीत, म्हणून ती सतरंजीत गुंडाळून नेली. आता आपलं देवास गाण्याभजनाचं गाव, ते तू जाणतेसच. इथे लांबोडकं काही गुंडाळून नेलं की तो तंबोराच. मोटारीत शेजारी बसलेल्या पटेलांनी विचारलं, “तंबूरा हे कईं भिया?” मी हो म्हटलं. वाटेत मोटार बंद पडली आणि साऱ्या उतारूंनी बाभळीखाली बसून मला भजनाचा आग्रह केला. तंबोरा का काढत नाही, तर म्हटलं तार तुटली आहे, तीच सुधरवायला चाललो आहे. एका म्हातारीनं सतरंजीवरून हात फिरवून आशीर्वाद दिला, “बेटा, थारो बाजो फेर बाजेगा.” (बाजेगा खरा, पण कसा ते तिला सांगवेना.) शेवटी मला येणारी एकमेव गोष्ट म्हणजे आपल्या गणपतीची आरती, ती म्हटली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आरती संपली, मोटार सुरू झाली, आणि आता पटेल माझी गाठ टेकडीच्या यात्रेत एका भजनी मंडळाशी घालून देणार आहेत.

उमाशंकरजींनी सतरंजी सोडली आणि बंदुकीला आधी हात जोडले. “या तो आबासाब की हे,” म्हणाले. मग नमुन्याला जुनी खीळ मागितली. ती तुटून कुठेतरी पडली म्हटल्यावर मान हलवून कामाला बसले, आणि मला उसाचा रस पाजून, आबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकवून, खीळ करून दिली. तेव्हा अक्का, काम फत्ते झालं आहे. या दसऱ्याला धारला कानांत कापूस घालून बस. आबांचे तुम्हा सर्वांस आशीर्वाद.

तुझा,
रघू

ता.क. – वरचं काल लिहिलं. पाकिटाला खळ लावायच्या आत गोष्ट पार उलटली.

पितृपक्षात नवी वस्तू घरात आणली म्हणून सुमंगला कुरकुरत होती, तेव्हा मी ती खीळ आज सकाळी आधी देवापुढे ठेवली. ती पाहून म्हणाली, “अहो, पण हा देव आपल्याकडे आहेच की.” ताम्हनात, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदीकुंकवानं माखलेली आपल्या बंदुकीची जुनी खीळ! गेल्या दसऱ्यापासून ती तिथे आहे आणि वर्षभर ही तिला पंचामृतानं न्हाऊ घालते आहे. विचारलं, तर म्हणे प्रत्येक घराचे देव निराळे. तिच्या माहेरी, कुक्षीला, देवांत घोड्याचा नाल आहे, मग आमच्याकडे खीळ असली तर सुनेनं का विचारावं? आबांनी स्वतः ठेवलेली तिनं पाहिली होती.

मी ती धुऊन बंदुकीत घालून पाहिली. अगदी चपखल बसली. तुटलीही नव्हती, झिजलीही नव्हती. मग मात्र एकेक गोष्ट जुळत गेली. आबा हल्ली चहा बशीत घेत नाहीत, पेल्यात घेतात, दोन्ही हातांनी, आणि भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून तुला पत्रं माझ्याकडून लिहून घेतात. पण त्याच डोळ्यांना टेकडीच्या पायऱ्यांवरचं माकड घरातून दिसतं. हात कापतात गं त्यांचे. साऱ्या गल्लीसमोर नळी थरथरलेली दिसू नये, म्हणून त्यांनी आधीच खीळ काढून ठेवली आणि दोष बंदुकीवर घेतला. टाकून देववेना म्हणून देवांत ठेवली. आणि मी वर्षभर त्यांना तिथेच उभं करायला धडपडत होतो.

खीळ परत ताम्हनात ठेवली. उमाशंकरजींचीही जमली नाही, असं आबांना सांगितलं. “मी म्हणत नव्हतो?” म्हणाले, आणि किती दिवसांनी आपण होऊन आणखी चहा मागितला.

ता.क. दुसरा – आता खरं काम. तू परकरात होतीस तेव्हा आईचा डोळा चुकवून आबांनी तुझ्या खांद्याला बंदूक लावली होती. बार निघाला, तू धुळीत बसलीस आणि हसत सुटलीस. आईनं दोघांनाही फैलावर घेतलं. नंतर लग्न होईपर्यंत दर दसऱ्याला तू मागायचीस आणि आबा “पोरीची जात” म्हणून उडवून लावायचे. आज तो चहा पिता पिता, भिंतीकडे पाहतच म्हणाले, “इंदूचा खांदा पक्का होता.”

म्हणून ये. तुमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा असते आणि थोरल्या सुनेनं सणाला उंबरठा ओलांडायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. भाऊजींचे पाय मी वेगळ्या पत्रात धरले आहेत. इथे येऊन फक्त हट्ट धर की यंदा बार मी काढणार. खिळीचं नाव काढू नकोस. आबा म्हणतील, खीळ नाही. तू अंगणात बसून राहा. माहेरवाशीण रुसून बसली तर तो माणूस किती वेळ धीर धरेल? आपणच उठून देवघरात जातील. आपण तिघं दुसरीकडे बघू.

ता.क. शेवटचा – सुमंगलेचा निरोप: बार झाल्यावर खीळ आठवणीनं ताम्हनात परत ठेवावी, तिनं तिला नवस बोलला आहे. लोखंडाच्या खिळीला कसला नवस, म्हणून मी हसलो. म्हणाली, “मामंजींच्या हाताचा कंप जाऊ दे म्हणून.” त्यांचा पेला अर्धाच भरायची तिची सवय मला आजवर चिक्कूपणा वाटत होती. तू लवकर ये.