उजव्या खुर्चीचे तास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी वैमानिकाचा, हल्ली बागकामाचा, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या बहिणीला तो पटलेला नाही. मला कोणी दटावलेले नाही की लाडीगोडी लावलेली नाही.

कलम १. राहते घर, स्वकष्टार्जित, धाकटीला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यामागे तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. स्वयंपाकघराची खिडकी ठोकून बसवू नये, किंचित उचलून ओढावी. हे धाकटीला सांगून माझे तोंड दुखले.

कलम २. बँकेतली शिल्लक भाचीला. तिला वैमानिकाचा परवाना नुकताच मिळाला आहे, नोकरी नाही. आमच्या धंद्यात नव्या माणसाचे असे, की लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही: उड्डाणाचे तास नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून तास नाहीत. एका कंपनीने तिला सांगितले आहे, सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बस. पगार नाही, पण उड्डाणाचे तास तुझ्या लॉगबुकात चढतील.

परवा ती म्हणाली, "मावशी, तूसुद्धा फुकटच उडायचीस ना?"

"उडायचे. म्हणूनच सांगते, आधी विचार. त्या विमानाला दोन वैमानिक लागतात का? लागत नसतील, तर ते तास उद्या कोण धरणार? आणि लागत असतील, तर दुसऱ्याला पगार का नाही?"

"असं विचारलं तर ते दुसऱ्या कुणाला घेतील."

तेही खरेच. म्हणून ही शिल्लक. तिच्या जोरावर भाचीने एकदा विचारून तर बघावे. ते काय म्हणतात हे ऐकायची मला फार उत्सुकता आहे.

कलम ३. ज्या मालवाहू कंपनीत मी बिनपगारी उडले, तिच्या मालकाच्या वारसांना काहीही नाही. पगाराचे नाव काढले की मालक म्हणत, "अगं, लोक शिकायला पैसे मोजतात. तुला आख्खं आकाश फुकट!" आकाशाचे ठीक आहे, पण विमान धुणे आणि खोकी उतरवणे हे आकाशात कुठे बसते, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

कलम ४. बाजारातला माझा गाळा कॅप्टनकाकांच्या मुलीला, भरपाई म्हणून. कशाची, ते सांगणे भाग आहे.

त्या कंपनीत मी कॅप्टनकाकांच्या शेजारी बसायची. आम्ही वर्तमानपत्रे न्यायचो, कधी कोंबडीची पिल्ले. विमान दोन इंजिनांचे असले, तरी कागदोपत्री त्याला एकच वैमानिक पुरे होता. मग मला कशाला बसवतात? काका रेडिओ माझ्याकडे द्यायचे. "तू बोल. तुझा आवाज गोड आहे." माझा आवाज तेव्हाही कावळ्यासारखाच होता. एकदा वर चढताना डाव्या इंजिनाचा सूर बदलला. मी दचकले, काकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तेव्हा उमगले, त्यांना ऐकू येत नाही. विमानाला एक वैमानिक पुरे होता. काकांना दोन लागत होते. दरवर्षीची वैद्यकीय तपासणी ते कसे पार करत, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

पुढच्या परवान्यासाठी मी लॉगबुक घेऊन विमान खात्याच्या कचेरीत तपासनिसांकडे गेले. त्यांनी विचारले, "या विमानाला सहवैमानिक लागतच नाही. मग तुम्ही तिथं काय करत होता?"

खरे सांगितले असते तर काकांची नोकरी गेली असती. मी म्हटले, "बसले होते."

त्यांनी ते सगळे तास वगळले. पुढच्याच आठवड्यात काका आपण होऊन त्या कचेरीत गेले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही. ही पोर माझे कान होती." त्यांचा परवाना गेला. माझे तास तरीही धरले नाहीत. नियम विमानाकडे बघतो, माणसाच्या कानाकडे नाही. मी दुसरीकडे श्रीगणेशापासून सुरुवात केली. काकांची मुलगी माझ्याच वयाची. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी समोर दिसले की रस्ता ओलांडायची. "तुम्ही का सांगितलंत?" असे मी काकांना कितीदा विचारले. ते कानामागे हात धरून हसायचे. ऐकू आले नाही म्हणे!

सहीपूर्वीची भर. वकीलबाईंनी कलम ४ कळवल्यावर काकांची मुलगी काल त्यांच्याबरोबरच घरी आली. जेवणाच्या टेबलापाशी बसून तिने ते वाचले आणि चष्मा काढला.

"भरपाई कसली?"

"तुझ्या बाबांनी माझ्यापायी परवाना घालवला, त्याची."

"तुझ्यापायी? अगं, त्या आठवड्यात तू तापाने घरी होतीस. बाबा एकटेच गेले. उतरताना रेडिओवर कुणीतरी ओरडत होतं, धावपट्टीवर दुसरं विमान आहे म्हणून. बाबांना ते दिसलं तेव्हा अगदी नाकासमोर. कसंबसं वर उचललं. घरी आले ते जेवलेच नाहीत. घाबरले होते ते. परवाना गेला त्या दिवशी म्हणाले, सुटलो एकदाचा."

एवढी वर्षे मी एका त्यागाचे ओझे वाहिले, आणि तो कोणी केलाच नव्हता. वाईट वाटायला हवे होते. मला हसू फुटले.

"मग तू माझ्यावर का रुसलीस?"

"मला त्यांनी एकदाही विमानातून नेलं नाही म्हणून. लहानपणापासून मागे लागले होते. तर म्हणायचे, जागा कुठंय, ती बसते ना तिथं." मग म्हणाली, "गाळा नको मला. विमानात बसव."

मी लगेच वकीलबाईंना लिहायला सांगितले, की माझ्या पश्चात भाचीने हिला फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानातून फिरवून आणावे. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "याला तुम्ही मरायची काय गरज आहे?"

खरेच की. तेव्हा येत्या रविवारी आम्ही तिघी जातो आहोत. कलम २ मधली शिल्लकही भाचीने आजपासूनच वापरावी. कलम ४ रद्द, गाळा धाकटीला.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल. दिनांक ९ मार्च.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: दाखला देणारे डॉक्टर

साक्षीदार दुसरी: कॅप्टनकाकांची मुलगी. तिला यातून आता काहीच मिळत नसल्याने तिची सही चालते, असे वकीलबाई म्हणतात.