मधलं पेडल

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर बोलले असते, पण तुझे बाबा कान टवकारून बसतात, आणि विषय त्यांचाच आहे. त्यांचा आणि माझ्या सवतीचा.

सवत ठणठणीत आहे. दोन महायुद्धांच्या मधली विलायती बाई, दोन सीटची, शर्यतीतली. बॉनेट अजून कातडी पट्ट्याने आवळलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच शेडमध्ये नांदत होती. मी चार हाका मारल्या तरी ह्यांना ऐकू येत नाही, पण तिचं इंजिन जरा खोकलं की जेवणावरून उठतात. पूर्वी जळफळाट व्हायचा, आता हसू येतं.

तुला ती शिकवताना त्यांनी केवढा आरडाओरडा केला होता, आठवतं? इतर गाड्यांत मधे ब्रेक, हिच्यात मधे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक उजवीकडे. जो बसेल त्याला आधी हे बजावायचे, मेकॅनिकलासुद्धा सोडायचे नाहीत. तू रडकुंडीला आलीस, पण शिकलीस. मी कधी त्या वाटेला गेले नाही, याचं आता वाईट वाटतं.

मागच्या रविवारी फाटकाशी थांबताना ह्यांनी मधलंच पेडल दाबलं. फाटक आडवं झालं, एक दिवा फुटला, ह्यांना खरचटलंही नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, ब्रेक फेल झाला. मीही मान डोलावली. संध्याकाळी शेडमध्ये गेले तर पेडलांकडे बघत बसले होते. यातलं थांबायचं कुठलं, असं मलाच विचारलं.

डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, आता गाडी चालवायची नाही. ह्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं. भांडले असते तर बरं वाटलं असतं गं मला.

म्हणून लिहितेय. दिवा नवा बसवून घेतलाय, फाटकही उभं केलंय. रजा टाक आणि ये. हिला चालवू शकेल असं आता तुझ्याशिवाय कोणी नाही. बाबांना शेजारी बसव, लांब फिरवून आण. चुका काढतील, काढू देत. काल सकाळी मी चहा दिला, तेव्हा ते मला ‘तुम्ही’ म्हणाले. एवढा मान उभ्या जन्मात मिळाला नव्हता, आणि नकोय मला तो. तुला मात्र अजून ठमीच म्हणतात. तोवर ये.

तुझीच, धीर धरून असलेली,
आई